रस्तेमार्गे येणारे घर : मुळशी तालुक्याच्या संदर्भात कौटुंबिक सामानाच्या आंतरराज्य वाहतुकीचा विचार

प्रस्तावना

घर बदलणे ही मानवी जीवनातील एक सर्वसामान्य घटना समजली जाते. परंतु जेव्हा हे घर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात, हजार-दीड हजार किलोमीटर अंतरावर न्यावयाचे असते, तेव्हा तिचे स्वरूप मूलतः बदलते. कुटुंबातील माणसे रेल्वेने किंवा विमानाने निघून जातात आणि त्यांनी आयुष्यभर जमविलेली मालमत्ता अनोळखी माणसांच्या ताब्यात, बंद मालमोटारीतून, आठ-दहा दिवस रस्त्यावर असते. या काळात त्या मालमत्तेवरील कुटुंबाच्या हक्काचा पुरावा म्हणजे एक कागदी पावती होय. त्या पावतीवर काय लिहिले आहे, याकडे मात्र बहुतेकांचे लक्ष नुकसान झाल्यानंतरच जाते. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याचा, विशेषतः हिंजवडी-माण-मारुंजी या पट्ट्याचा संदर्भ घेऊन रस्तेमार्गे होणाऱ्या या स्थलांतराची प्रक्रिया व तिच्याशी निगडित कायदेशीर बाजू स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

मुळशी तालुक्याची पार्श्वभूमी

स्थलांतर हा शब्द मुळशीला नवा नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचे ठरविले आणि मुळशी खोऱ्यातील सुमारे पन्नास गावांवर बुडिताचे संकट आले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी सत्याग्रहास प्रारंभ झाला. पांडुरंग महादेव तथा सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे ही नावे या लढ्याशी कायमची जोडली गेली आहेत. १९२४ पर्यंत लढा ओसरला आणि १९२७ च्या सुमारास धरण पूर्ण झाले. खोऱ्यातील शेतकऱ्यांनी जी घरे सोडली, ती कोणत्याही पावतीशिवाय सोडली. काही कुटुंबे तर जलाशयाच्या काठावर वर सरकून डोंगरउतारावर पुन्हा वसली.

त्याच तालुक्याच्या पूर्व टोकाला विसाव्या शतकाच्या अखेरीस उलट दिशेचे स्थलांतर सुरू झाले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने हिंजवडी येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान विकसित केले. या परिसरात प्रथम सहकारी साखर कारखान्याचा विचार होता व नंतर तो बदलण्यात आला, असे शरद पवार यांनी जाहीरपणे सांगितले आहे. ऊस पिकविण्याची चर्चा झालेल्या शिवारात संगणक अभियंत्यांची वसाहत उभी राहिली. पौड हे तालुक्याचे मुख्यालय असले तरी लोकसंख्येचा व व्यवहाराचा केंद्रबिंदू हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे तसेच बावधन, भूगाव, पिरंगुट या पूर्वेकडील गावांकडे सरकला. यांपैकी सूस, म्हाळुंगे व बावधन बुद्रुक ही गावे २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. हिंजवडी व माण यांचा कारभार मात्र ग्रामपंचायतींकडे राहिला.

या स्थलांतराला भौगोलिक अनुकूलताही लाभली आहे. दिल्ली-जयपूर-अहमदाबाद-मुंबई-पुणे-बंगळुरू-चेन्नई असा धावणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ (यातील मुंबई-पुणे-बंगळुरू-चेन्नई भागाचा जुना क्रमांक ४) हिंजवडीच्या अगदी शेजारून, देहूरोड-कात्रज बाह्यवळणाच्या रूपाने जातो. त्यामुळे उत्तरेकडून येणारी गाडी असो वा दक्षिणेकडून, ती शेवटी एकाच महामार्गावरून वाकडजवळ उतरते. बंगळुरूहून अंतर सुमारे ८४० किलोमीटर, तर हैदराबादहून सोलापूरमार्गे सुमारे ५६० किलोमीटर आहे. दक्षिणेकडून येणाऱ्या गाडीला खंबाटकी घाट आणि त्यानंतर कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा तीव्र उतार पार करावा लागतो. हा उतार अवजड वाहनांच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. कोकणातून ताम्हिणी घाटमार्गे मुळशीत येणारा रस्ता अंतराने सोयीचा वाटला, तरी पावसाळ्यात तेथील अतिवृष्टी व दरडी लक्षात घेता संसाराने भरलेली गाडी त्या वाटेने आणणे शहाणपणाचे ठरत नाही.

सामानाची बांधणी व गाडीची निवड

घरगुती सामानाची वाहतूक दोन प्रकारे केली जाते. पहिल्या प्रकारात एका कुटुंबासाठी संपूर्ण गाडी ठरविली जाते. सामान एकदाच चढते व एकदाच उतरते. दुसऱ्या प्रकारात, ज्यास व्यवहारात ‘पार्ट लोड’ म्हणतात, दोन-तीन कुटुंबांचे सामान एकाच गाडीतून येते. त्यात भाडे कमी पडते, परंतु गाडी भरेपर्यंत सामान गोदामात थांबते, वाटेत दुसऱ्या गाडीत बदलले जाते आणि प्रत्येक चढ-उताराबरोबर हानीची शक्यता वाढते. भाड्यातील फरक हा एका अर्थाने या जोखमीचाच मोबदला असतो, ही गोष्ट ग्राहकाला क्वचितच सांगितली जाते.

बांधणीबाबत एक महत्त्वाची बाब नमूद करणे आवश्यक आहे. खोकी भरताना प्रत्येक खोक्याला क्रमांक देऊन त्यातील वस्तूंची यादी दोन प्रतींत करावी व तीवर वाहतूकदाराच्या प्रतिनिधीची स्वाक्षरी घ्यावी. अनेकदा वाहतूकदाराचा माणूसच यादी करतो आणि तीत ‘जुने, ओरखडे असलेले’ असा शेरा सरसकट सर्व वस्तूंपुढे लिहितो. हा शेरा निरुपद्रवी दिसतो, परंतु पुढे नुकसानीचा दावा उभा राहिल्यास वाहतूकदाराचा पहिला बचाव तोच असतो. म्हणून बांधणीपूर्वी वस्तूंची छायाचित्रे काढून ठेवणे श्रेयस्कर ठरते. दागिने, रोकड, शैक्षणिक प्रमाणपत्रे व मालमत्तेचे दस्तऐवज गाडीत न ठेवता जवळ बाळगावेत. घरगुती गॅसचे सिलिंडर गाडीतून नेणे धोकादायक आहे. सिलिंडर व रेग्युलेटर जुन्या वितरकाकडे परत करून अनामत रक्कम व त्याबाबतचा कागद घ्यावा आणि त्याआधारे नव्या गावी जोडणी मिळवावी, अशी पद्धत आहे.

वाटेतील करविषयक अडथळे पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाले आहेत. एके काळी पुणे व पिंपरी-चिंचवडच्या हद्दीवर जकात नाके होते. २०१३ मध्ये त्यांची जागा स्थानिक संस्था कराने घेतली आणि १ जुलै २०१७ पासून देशभर वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्यांच्या सीमांवरील विक्रीकर तपासणी नाकेही संपुष्टात आले. वापरलेल्या वैयक्तिक व घरगुती सामानाला ई-वे बिलाच्या सक्तीतून नियमांच्या परिशिष्टातच वगळलेले आहे. तरीही ‘वाटेत कर भरावा लागला’ या सबबीखाली गाडी पोहोचल्यावर जादा रक्कम मागितली जाते. अशा वेळी त्या कराची अधिकृत पावती मागणे हाच साधा उपाय होय.

पावतीचे कायदेशीर महत्त्व

बिल्टी किंवा लॉरी पावती ही या सर्व व्यवहाराचा कणा आहे. भारतात सार्वजनिक वाहतूकदारांचे दायित्व दीर्घकाळ १८६५ च्या कायद्याने नियंत्रित होत असे. त्याची जागा रस्तेमार्गे वाहतूक अधिनियम, २००७ ने घेतली. हा अधिनियम व त्याखालील २०११ चे नियम १ मार्च २०११ पासून अमलात आले. नोंदणी प्रमाणपत्राशिवाय सार्वजनिक वाहतूकदाराचा व्यवसाय करता येत नाही, हे या कायद्याचे पहिले बंधन होय. त्याची व्याख्या व्यापक असून तीत माल नोंदविणारी कंपनी, कंत्राटदार, अभिकर्ता व दलाल यांचाही समावेश होतो. ‘आम्ही केवळ गाडी मिळवून दिली, सामानाशी आमचा संबंध नाही’ असे म्हणणाऱ्या मध्यस्थाला ही व्याख्या लक्षात आणून देण्यासारखी आहे.

वाहतूकदाराचे दायित्व हे इंग्लंडच्या रूढ कायद्यातून आलेले तत्त्व आहे. दैवी आपत्ती, युद्ध, दंगल, कायदेशीर जप्ती, शासनाचा प्रतिबंध अशा मोजक्या कारणांखेरीज मालाच्या हानीस तो जबाबदार असतो. शिवाय योग्य काळजी घेतली असती तर हानी टळली असती, असे असल्यास या कारणांचा आधारही त्याला मिळत नाही. नुकसान झालेल्या व्यक्तीने वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नसते. सर्वोच्च न्यायालयाने पटेल रोडवेज विरुद्ध बिर्ला यामाहा (२०००) या प्रकरणात जुन्या कायद्याखाली हे दायित्व विमेदाराच्या दायित्वासारखे असल्याचे व हे तत्त्व ग्राहक मंचापुढील तक्रारींनाही लागू असल्याचे स्पष्ट केले.

येथपर्यंत ग्राहकाची बाजू भक्कम दिसते. खरी मेख पुढे आहे. दायित्व आहे, परंतु ते किती रकमेचे, हा प्रश्न नियमांनी वेगळ्या रीतीने सोडविला आहे. ग्राहकाने अधिक जोखमीचा दर भरण्याचे स्पष्टपणे मान्य केले नसल्यास भरपाईची कमाल मर्यादा ही भाड्याच्या दहापट इतकी असते आणि तीही ग्राहकाने माल सोपविताना लिहून दिलेल्या किमतीपेक्षा अधिक असू शकत नाही. एक उदाहरण घेता येईल. बंगळुरूहून माण येथे येणाऱ्या कुटुंबाने २५,००० रुपये भाडे दिले व सामानाची किंमत ६ लाख रुपये लिहिली. गाडी जळून सर्व सामान नष्ट झाले तरी भरपाई २ लाख ५० हजारांपुढे जाणार नाही. याच कुटुंबाने खर्च वाचावा म्हणून किंमत १ लाख रुपये लिहिली असेल, तर मर्यादा १ लाखावर येईल. किंमत कमी लिहिण्याचा सल्ला काही वाहतूकदार आपुलकीने देतात. तो सल्ला कोणाच्या हिताचा आहे, हे या हिशेबावरून समजावे.

कालमर्यादेबाबतही असाच सापळा आहे. हानीची लेखी सूचना वाहतूकदारास माल नोंदविल्याच्या दिनांकापासून १८० दिवसांच्या आत देणे बंधनकारक असून त्याशिवाय दावा दाखल करता येत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असल्याने अनेकजण निर्धास्त राहतात. मुदत दोन वर्षांची असली तरी सूचना सहा महिन्यांतच पोहोचली पाहिजे. ती नोंदणीकृत टपालाने पाठवून पोच जपून ठेवावी. तोंडी तक्रार किंवा भ्रमणध्वनीवरील संभाषण यांवर विसंबून राहू नये.

पावतीच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत ‘सर्व वाद अमुक शहराच्या न्यायकक्षेत’ असे छापलेले असते. हे शहर बहुधा सामान जेथून निघाले ते किंवा वाहतूकदाराचे मुख्यालय असलेले असते. नव्या गावी आलेल्या माणसाने जुन्या शहरात जाऊन दावा लढवावा, ही अपेक्षाच त्याला गप्प बसविण्यास पुरेशी असते. या दृष्टीने २०१९ च्या अधिनियमातील एक तरतूद स्थलांतरितांसाठी मोलाची ठरते. तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो, तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार दाखल करता येते. म्हणजेच दिल्लीत भरलेल्या सामानाची तक्रार हिंजवडीत राहणारे कुटुंब पुण्यात करू शकते. १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती. २० जुलै २०२० पासून ती उपलब्ध झाली.

विमा आणि विम्याचा आभास

भाडेपत्रकात ‘विमा’ या शीर्षकाखाली सामानाच्या किमतीच्या काही टक्के रक्कम लावली जाते. ही रक्कम भरली म्हणजे विमा उतरला, असा समज सार्वत्रिक आहे. प्रत्यक्षात विमा म्हणजे विमा नियामकाकडे नोंदणी असलेल्या कंपनीने दिलेली पॉलिसी होय. तिचा क्रमांक, कालावधी व विमाधारकाचे नाव ग्राहकाच्या हाती यावयास हवे. वाहतूकदाराने स्वतःच्या पावतीवर ‘विमा समाविष्ट’ असा शिक्का मारल्याने विमा कंपनी बांधील होत नाही. अंतर्गत वाहतुकीच्या विम्याचेही प्रकार आहेत. सर्व जोखमींचा समावेश असलेला प्रकार अधिक महाग असतो, तर मर्यादित प्रकारात आग, टक्कर, गाडी उलटणे अशा ठरावीक घटनाच अंतर्भूत असतात. मर्यादित प्रकारात काचेचे कपाट हादऱ्याने फुटले तर काहीच मिळत नाही. सदोष बांधणीमुळे झालेली हानी तर दोन्हींत वगळलेली असते. म्हणून स्वतः बांधलेल्या खोक्यांबाबत विशेष दक्षता घ्यावी लागते.

गाडी दाराशी आल्यानंतर

हिंजवडी परिसरात गर्दीच्या वेळी अवजड वाहनांवर वेळोवेळी निर्बंध घातले जातात. गृहसंकुलांचेही सामान चढ-उताराचे व उद्वाहन वापरण्याचे स्वतंत्र वेळापत्रक असते. हे दोन्ही आधी विचारून घेतले नाही, तर गाडी बाहेर खोळंबते आणि खोळंब्याचे पैसे कुटुंबाला भरावे लागतात.

याहून नाजूक प्रश्न वाराईचा आहे. सामान उतरविण्याच्या मजुरीस महाराष्ट्रात वाराई म्हणतात. महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम, १९६९ हा अंगमेहनतीच्या कामगारांना संरक्षण देणारा, देशात आदर्श मानला गेलेला कायदा आहे. त्याच्या नावाचा आधार घेऊन काही ठिकाणी असंबद्ध व्यक्ती प्रवेशद्वारावर गाडी अडवितात आणि काम न करताच पैसे मागतात. खऱ्या माथाडी कामगारांच्या चळवळीला यामुळे जो कमीपणा येतो, तो कुटुंबाच्या आर्थिक हानीपेक्षा अधिक खेदजनक म्हणावा लागेल. वाहतूकदारांत ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ हे सूत्र प्रचलित आहे. उतरविण्याची मजुरी भाड्यात धरली आहे की नाही, हे करारात स्पष्ट लिहून घेतल्यास वादाचे निम्मे कारण नाहीसे होते. सक्तीने पैसे मागितले गेल्यास पोलिसांकडे तक्रार करावी. हिंजवडी पोलीस ठाणे २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या अखत्यारीत आहे.

उतरविताना खोकी क्रमांकांनुसार तपासूनच पोच पावतीवर सही करावी. चालक घाईत असतो व कोरी सही मागतो. फुटलेल्या वा गहाळ वस्तूंची नोंद त्याच कागदावर करणे हा कुटुंबाचा हक्क आहे.

वाहन, पत्ता व शाळा

सामानाबरोबर बहुधा मोटार किंवा दुचाकीही येते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४७ नुसार अन्य राज्यात नोंदलेले वाहन बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवल्यास नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो व त्यासाठी मूळ नोंदणी कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. निघण्यापूर्वीच ते घेतलेले बरे, कारण नंतर त्यासाठी परत जावे लागण्याचा संभव असतो. वाहनावर कर्ज असल्यास बँकेची संमतीही लागते. वारंवार बदली होणाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२१ पासून ‘बी.एच.’ मालिकेची सोय झाली आहे. शासकीय कर्मचाऱ्यांप्रमाणेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खाजगी आस्थापनांतील कर्मचारीही तीस पात्र आहेत. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील अनेकजण या अटीत बसतात.

नव्या पत्त्याचा पहिला पुरावा म्हणजे घरभाड्याचा करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. हा करार हाती आला की बँक, गॅस, मतदार यादी ही कामे मार्गी लागतात. मतदार यादीत नाव हलविल्यावर अनेक नवागतांना आश्चर्य वाटते, कारण मुळशी तालुका भोर विधानसभा मतदारसंघात मोडतो. काचेच्या बहुमजली इमारतीत काम करणारा अभियंता आणि भोरच्या घाटमाथ्यावरील भात उत्पादक शेतकरी एकच आमदार निवडतात.

मुलांच्या शाळेसंबंधी एवढेच सांगणे पुरेसे आहे की, शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम ५ नुसार प्राथमिक शिक्षण घेणाऱ्या बालकाचा दाखला मिळण्यास उशीर झाला, या कारणावरून त्याचा प्रवेश लांबविता वा नाकारता येत नाही.

पावती नसलेले स्थलांतर

याच रस्त्याने आणखी एक वर्ग या तालुक्यात येतो. ज्या इमारतींत वरील कुटुंबे राहावयास येतात, त्या बांधणारे मजूर बिहार, झारखंड, ओडिशा, पश्चिम बंगाल येथून तसेच मराठवाडा व उत्तर कर्नाटकातून येतात. त्यांचा संसार एका पत्र्याच्या पेटीत व दोन गोणपाटांत मावतो. त्याची बिल्टी कोणी करीत नाही, म्हणून २००७ च्या कायद्यातील एकही संरक्षण त्यांच्या वाट्याला येत नाही.

त्यांच्यासाठी वेगळा कायदा होता. आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम, १९७९ नुसार कंत्राटदाराने आणलेल्या कामगाराला मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम किंवा ७५ रुपये, यांपैकी अधिक असेल ती, विस्थापन भत्ता म्हणून द्यावयाची होती. त्याखेरीज जाण्यायेण्याच्या भाड्याची तरतूद होती. घर सोडण्याची काही किंमत असते, हे या भत्त्याने निदान तत्त्वतः मान्य केले होते. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि १९७९ चा कायदा तीत विलीन झाला. स्वतःहून आलेल्या कामगारालाही स्थलांतरित मानणे ही या संहितेतील स्वागतार्ह सुधारणा होय. प्रवासभाड्याची एकरकमी तरतूदही तीत आहे. विस्थापन भत्ता मात्र तीत नाही.

२०२० च्या मार्च अखेरीस टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा अनेक मजूर कुटुंबे महामार्गाने पायीच परतीला लागली. श्रमिक रेल्वेगाड्या १ मे २०२० पासून सुरू झाल्या. शिधापत्रिकेची आंतरराज्य सोय महाराष्ट्र व गुजरात यांच्यात ९ ऑगस्ट २०१९ रोजीच प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेली होती, परंतु ज्या राज्यांतून हे मजूर प्रामुख्याने येतात, त्यांपैकी काही राज्ये तीत नंतर सामील झाली. आता या योजनेनुसार एकाच शिधापत्रिकेवरील काही धान्य गावाकडील कुटुंबाने व उरलेले मारुंजी किंवा माण येथील रास्त भाव दुकानातून कामगाराने उचलणे शक्य आहे. त्यासाठी शिधापत्रिका आधारशी जोडलेली असावी लागते व अंगठ्याचा ठसा जुळावा लागतो. सिमेंट-वाळूच्या कामाने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र पुष्कळदा ओळखत नाही.